ओंकार, ॲप नंतर काढ

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी भरभरून बोलत होतास. तुम्ही तिघं मित्र मिळून अंधांसाठी ॲप काढणार, फुकट देणार, कोड सगळ्यांना खुला ठेवणार. मी हं हं करत राहिले आणि तुला वाटलं, आईला पसंत पडलं. कल्पना वाईट नाही रे. पण फोनवर तुला मध्येच मीटिंग आठवते आणि माझं निम्मं बोलणं तसंच राहतं, म्हणून लिहायला बसले.

इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत दरवर्षी कुठे ना कुठे एक स्मार्ट काठी जन्माला येते, हे तुलाही माहीत आहे. पुढे अडथळा आला की ती ओरडते. प्रदर्शन भरतं, बक्षीस मिळतं, पेपरात फोटो येतो, आणि फोटोत मुलांच्या शेजारी आम्हा अंधांपैकी कुणीतरी ती काठी धरून उभं असतं. मीही एकदा उभी राहिले आहे, साडी बरी नेसून. पुढच्या वर्षी मुलं पास होऊन पुण्या-बंगळुरूला जातात. काठीची बॅटरी उतरते, ती दुरुस्त कुणी करायची हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आम्ही आपले पुन्हा साध्या पांढऱ्या काठीवर. त्या मुलांच्या मनात खोट नसते. पण अंधांना लागणाऱ्या वस्तूला शोध लावणाऱ्यापेक्षा ती चालू ठेवणारा माणूस जास्त लागतो, आणि तो मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तू नवं काही काढू नकोस. जे आहे आणि ज्यावर आमच्यासारख्यांची पोटं चालतात, त्यात हात घाल.

आहे ते म्हणजे एनव्हीडीए, संगणकाचा पडदा आम्हाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर. तुझे डबाकाका! त्यातल्या ई-स्पीक नावाच्या यांत्रिक आवाजाला तू लहानपणी डब्यात बसलेला काका म्हणायचास आणि मी वेग वाढवला की काका चिडले म्हणून पळून जायचास. अजूनही तोच आवाज मला आवडतो. डोळस माणसांना तो कर्कश वाटतो. गोड आवाज वेग वाढवला की गिचमिड होतात. याचं तसं होत नाही, कितीही पळवला तरी शब्द सुटा ऐकू येतो. दिवसभर ऐकायचं असलं की गोडीपेक्षा ते महत्त्वाचं.

हा काका आपल्या घरी कसा आला ते तुला कधी नीट सांगितलं नाही. बँकेत माझ्या टेबलावर जॉज नावाचा विकतचा स्क्रीन रीडर होता, बँकेनं घेऊन दिलेला. त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे संगणकापेक्षा संगणक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर महाग. क्लार्कच्या पगारात घरी दुसरी प्रत घेण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी बँक सुटली की माझा संगणकही सुटायचा. तिकडे ऑस्ट्रेलियात मायकेल करन नावाच्या एका अंध विद्यार्थ्याला हाच काच होता. 2006 मध्ये त्यानं स्वतःच स्क्रीन रीडर लिहायला घेतला, पायथनमध्ये, आणि तो मोफत ठेवला. जेम्स टेह हा त्याचा मित्र, तोही अंध. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात दोघांची ओळख झालेली. 2007 मध्ये दोघांनी मिळून एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली. सुरुवातीला फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं अनुदान दिलं, म्हणून करनला पूर्ण वेळ काम करता आलं. आज एनव्हीडीए 50 हून अधिक भाषांत वापरता येतं.

तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगते, ज्यांना गरज होती त्यांनीच ते लिहिलं. कुणी डोळस माणसानं दया येऊन लिहून दिलेलं नाही. आणि कोड खुलाच ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे उद्या कुणाला ते कुलूपबंद करून विकता येणार नाही. आम्हाला त्याचं आणखी एक फार मोठं सुख म्हणजे ते पेन ड्राइव्हवरून चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. आपल्या ओळखीतली अंध मुलं परीक्षेचे फॉर्म भरायला सायबर कॅफेत जायची ती गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवूनच. मालकाची परवानगी नको, की कुणाची मिनतवारी नको.

आता तुझ्या कामाचं. बँकेत आमच्या रजेच्या पोर्टलची नवी आवृत्ती आली तेव्हाची गोष्ट. तारखा भरल्या, कारण भरलं, टॅब दाबत खाली गेले. कानात आलं: बटन. बटन. बटन. बटन. चार बटणं आणि चारही निनावी. डोळस सहकाऱ्यांना तिथे चित्रं दिसत होती, फ्लॉपीचं, कागदी विमानाचं, फुलीचं. दुसरं बटण अर्ज पाठवतं हे मी शेजारच्या बाईंना विचारून पाठ केलं. चौथं कशासाठी होतं ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. तुला कारण माहीतच आहे. स्क्रीन रीडर पडदा बघत नाही, तो विंडोजला आणि ब्राउझरला विचारतो, की आता फोकस कशावर आहे, त्याचं नाव काय, प्रकार काय, स्थिती काय. नाव दिलेलंच नसेल तर बिचारा प्रकार तेवढा सांगून मोकळा होतो. दुरुस्ती काय होती? एकेका बटणाला एक ॲरिया-लेबल, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं नाव. चहा निवेपर्यंत होणारं काम. पण ते करायचं आहे हे ज्याच्या डोक्यात येईल असा माणूस त्या खोलीत नव्हता.

तू फोनवर म्हणालास, तुमचं ॲप कॅमेऱ्यातून बघून समोर काय आहे ते सांगेल. असं सांगणारी ॲप्स आता पुष्कळ आहेत, मीही वापरते, औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचून घ्यायला फार उपयोगी. पण मेथी कुठली आणि कोथिंबीर कुठली हे मला वासावरून कळतं. कळत नाही ते तुम्हा लोकांच्या फॉर्मवरचं चौथं बटण.

म्हणून सुरुवात तुझ्या कंपनीपासूनच कर. रागावू नकोस, पण तुमचं ॲप मी फोनवर उघडून पाहिलं आहे. पुढे काय झालं ते लिहीत नाही, तू स्वतः टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, चालू करून बघ. साहेबांनी कुरकुर केली तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखव. शिवाय 30 एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करा, चेहरा चौकटीत बसवा, असल्या अटींवर अडलेले लोक कोर्टात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं सांगितलं. निकाल चांगला आहे. पण बटणाला नाव तुझ्यासारख्या कुणीतरी बसून द्यावं लागतं.

ते जमलं की मग एनव्हीडीएकडे जा. तिथे लगेच कोड लिहायला धावू नकोस. आधी महिनाभर ते वापर. त्यात स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे, पडदा पूर्ण काळा होतो. ती लाव आणि एखादं खरं काम शेवटपर्यंत कर, रेल्वेचं तिकीट काढ, नाहीतर बाबांचा आयटीआर भर. एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर कसं जातात, पान वाचायचा ब्राउझ मोड आणि रकाने भरायचा फोकस मोड कुठे बदलतो, हे बोटांत बसू दे. डोळ्यांना पट्टी बांधून दोन पावलं चालायचा तो ब्रेल जयंतीचा कार्यक्रम मात्र कृपा करून करू नकोस. 4 जानेवारी आली की कुणीतरी पट्ट्या वाटतंच. त्यातून लोकांना भीती कळते, कसब कळत नाही. घरी जाऊन म्हणतात, बाप रे, कसं जगत असतील! अरे, जगतो म्हणजे काय, हिशेब जुळवून, डबा खाऊन, पाचची बस पकडून जगत आलो.

मग तिथे आधीच नोंदवलेल्या तक्रारी वाच. वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. त्यातली एखादी लहान, कंटाळवाणी, कुणी हात न लावलेली उचल. कोणत्या विंडोजवर होतं, कोणत्या ब्राउझरात होतं, कुठल्या कळा दाबल्यावर होतं, हे नीट लिहून काढणं हेसुद्धा मोठं काम आहे. अंध वापरणाऱ्याला आवाज थांबला एवढं कळतं, आत काय तुटलं ते तुम्ही सांगू शकता. तुझा बदल महिनाभर कुणी बघणार नाही. बघितला तर परत पाठवतील, हे असं नको, तसं कर म्हणतील. तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही. तुझ्या एका ओळीनं हजारो लोकांचा संगणक उद्या मुका होऊ शकतो, मग ते तपासणारच. आणि दुरुस्ती नेहमी तिथेच असते असंही नाही. जेम्स टेह पुढे मोझिलात गेला आणि फायरफॉक्सच्या आतल्या बाजूनं हेच काम करू लागला. ब्राउझरनं माहिती नीट पुरवली तर सगळ्याच स्क्रीन रीडरांचं भलं होतं. तुला लिनक्सचं वेड आहे, तर तिकडे ऑर्का हा स्क्रीन रीडर आहे, तिथेही माणसं थोडीच असतात.

एक काम मात्र माझ्या स्वार्थाचं आहे. मराठी आवाज. ई-स्पीकमध्ये मराठीच्या उच्चारांचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, एक नियमांची आणि एक अपवादांची. कुठल्या अक्षराच्या मागेपुढे काय आलं की कसं उच्चारायचं, एवढंच त्यात लिहिलेलं. आता बघ, ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ आपण सारखा म्हणतो का? ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च? लिहिताना एकच अक्षर, तोंडात दोन. इ-ईकार लागला की काय होतं त्याचा नियम करता येतो, पण थोडं या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यंत्रानं कसा ओळखायचा? आकड्यांचं तर विचारूच नकोस. इंग्रजीत वीसच्या पुढे जोडाजोडी करून भागतं, आपल्याकडे नव्याण्णवपर्यंत एकेक आकडा वेगळा लिहून ठेवावा लागतो. या कामाला कान लागतो, आणि तो मराठीच लागतो, परदेशातल्या माणसाकडे तो असणार कुठून? ऐकून चुका मी काढते. त्या फाइलीत बसवायच्या कशा ते तू बघ. आपल्या पाटीलकाकूंनाही घेऊ, मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता दुपारी त्यांना कुणाच्या तरी चुका काढायला हव्याच असतात.

वेळ देता येत नसेल त्या महिन्यात पैसे दे. फुकट म्हणजे कुणाच्याच खर्चाविना नव्हे. त्या संस्थेचं बरंचसं देणग्यांवर आणि अनुदानांवर चालतं. तुमच्या तिघांच्या एका शनिवारच्या पिझ्झ्याचे पैसे दर महिन्याला पाठवलेस तरी चालेल. मित्रांना हे पत्र वाचायला दे, काठीचा भाग त्यांना झोंबला तरी.

आणि अंधांसाठी काही करतोय असं लिंक्डइनवर इतक्यात टाकू नकोस. आधी काहीतरी करा.

हो, एक राहिलं. एनव्हीडीएची ताजी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मी घरच्या संगणकावर टाकली आहे. एका सरकारी फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या रकान्यात गेलं की आवाज एकदम थांबतो, बाणाची कळ दाबली तरी वर्ष वाचत नाही. क्रोममध्ये होतं, फायरफॉक्समध्ये होत नाही. दोष पानाचा की रीडरचा, मला सांगता येत नाही. लिंक आणि एनव्हीडीएचा लॉग तुला मेलवर पाठवला आहे. तुझ्याकडेही तसंच होतंय का बघ, पानाचा सोर्स उघडून तो रकाना कसा बनवलाय ते मला सांग, म्हणजे रविवारी दोघं मिळून रिपोर्ट लिहू. इंग्रजी तू बघ, कळांचा क्रम मी सांगते.

बाबांचा खोकला आता बरा आहे. दिवाळीचं तिकीट काढलंस का?

तुझी,
आई