नवा राजवाडा, नव्यानं

कोल्हापूर,
सोमवार, रात्र

प्रिय सुहास,

काल आईला आणि भाचीला घेऊन नवा राजवाडा बघून आलो. शाळेच्या सहलीत आपण पेंढा भरलेले वाघ बघितले आणि बाहेर पळालो, ते आठवतंय? त्यानंतर मी आत पाऊल टाकलं नव्हतं रे. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून तुला हे लिहूनच कळवतोय.

आधी बाहेरच किती वेळ उभा होतो. घडीव काळा दगड. भाचीनं हात लावला आणि म्हणाली, "मामा, गार आहे!" १८७७ ला काम सुरू झालं, १८८४ ला पुरं झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्येच गेले, म्हणजे एवढा वाडा उभा राहिलेला त्यांनी पाहिलाच नाही. हे मनाला फार लागलं.

खालच्या मजल्यावर १९७४ पासून संग्रहालय आहे. शस्त्रं, चांदीची भांडी, शिकारीचे प्राणी यांत मी फार रमलो नाही. पण दरबार हॉल! दोन मजले उंच, कोरीव कमानी आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग. बाहेरचं ऊन त्या काचांतून झिरपत होतं. भिंतीवर टांगलेलं चित्र दिवसभर तेच राहतं, हे मात्र ढग आला की मालवतं आणि ऊन आलं की पुन्हा उजळतं. तू रंगांतला माणूस, तुला हे दाखवायला हवं होतं. आईनं गादीसमोर चपलांशिवाय उभं राहून हात जोडले. शाहू महाराजांचं नाव निघालं की आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतो, तुला माहीतच आहे.

वरच्या मजल्यावर छत्रपती घराणं आजही राहतं. ते कळल्यावर आम्हीही हळू बोलायला लागलो. कुणाच्या तरी घरी आलोय म्हटल्यावर तसंच वागायचं ना.

परतताना आबालाल रहिमान यांची आठवण झाली. महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, त्यांच्या निसर्गचित्रांना कदर दिली. त्यांची चित्रं टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. ती मी मुद्दाम बघितली नाहीत, तुझ्यासाठी राखून ठेवलीत. दिवाळीत चार दिवस जास्तीची रजा टाक. आधी टाउन हॉल, मग राजवाडा, आणि ऊन असेल त्याच दिवशी जायचं.

आई विचारतेय, तब्येत कशी आहे? वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू