स्टुटगार्टहून यावलचं घर काढताना

जळगाव,
१८ जानेवारी

प्रिय सुधाकर,

यावलला दादांचं घर बांधायचं नक्की झालं आणि नकाशे तू तिकडूनच काढणार, हे वाचून फार आनंद झाला. साइट मी बघतो, परवानगीचं कामही इथून होईल. फाइली कशा ठेवायच्या, बोलायचं कधी आणि नोकरी सांभाळून हे झेपेल का, असं तू विचारलंस. झेपेल. फक्त एक गोष्ट आधी पक्की धर : साइटवर एका वेळी एकच कागद जिवंत असला पाहिजे. मिस्त्रीकडे एक नकाशा, दादांच्या फोनवर दुसरा आणि तुझ्या लॅपटॉपवर तिसरा असं झालं की बांधलेली भिंत पाडावी लागते. खाली जे लिहितोय ते सगळं या एका कागदासाठी आहे.

आधी मापं. तिकडे जर्मनीत कामाच्या नकाशात एक मीटरच्या आतलं माप सेंटिमीटरमध्ये लिहितात, वरचं मीटरमध्ये, आणि मिलिमीटर डोक्यावर बारीक आकड्यात. ११ आणि वर छोटा ५ म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर, हे तुला सवयीचं झालं असेल. आपला मिस्त्री ते ११ फूट ५ इंच वाचेल. म्हणून ऑफिसचं टेम्प्लेट आणू नकोस, नवं बनव. मुख्य माप मिलिमीटरमध्ये आणि त्याच्याखाली फूट-इंच. मिस्त्री फूट, इंच आणि सूत बोलतो. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. एका सुताच्या खालचं माप साइटवर कुणी धरत नाही, तेव्हा २३४७ असलं माप लिहूच नकोस, २३५० लिही. ऑटोकॅडमध्ये फाइलचं एकक पहिल्याच दिवशी मिलिमीटर करून ठेव. एक फाइल इंचात आणि दुसरी मिलिमीटरमध्ये असली, की एकात दुसरी जोडताना नकाशा २५.४ पट लहान किंवा मोठा होतो. हजारपट झाला तर लगेच दिसतं. पण एखादा सुटा ब्लॉक चुकीच्या एककात आला आणि कुणी तो नजरेच्या अंदाजाने ओढून बसवला, तर ती चूक शेवटपर्यंत लपून राहते.

वीट आपल्याकडे भट्टीप्रमाणे बदलते. पुस्तकातली १९० बाय ९० बाय ९० ची वीट यावलला मिळेल असं धरू नकोस. ज्या भट्टीचा माल ठरेल तिथल्या दहा विटा ओळीने लावून तिन्ही मापं मी कळवतो, मगच भिंतीची जाडी पक्की कर. नऊ इंची भिंत २३० धरली तर आतून १२ आणि बाहेरून २० मिलिमीटर प्लॅस्टर धरून ती २६२ होते. खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींचं आतलं प्लॅस्टर मिळून २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच जातो. तू मापं विटेपासून विटेपर्यंत देशील आणि वहिनी कपाट प्लॅस्टरपासून मोजतील. कोनाड्यांची आणि ओट्याची मापं दोन्ही प्रकारे लिही.

लेव्हलचा शून्य हा त्याहून धोक्याचा. तुमच्याकडे तळमजल्याची तयार फरशी म्हणजे शून्य. इथे मिस्त्री जोत्याच्या माथ्याला शून्य धरतो, कधी रस्त्याच्या मध्याला. जोत्यावर फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून तीन इंच चढतो. तू लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, फरशीपासून सात फुटांवर दाखवलीस आणि मिस्त्रीने ती जोत्यापासून मोजली, तर सगळ्या दारांची उंची ७५ मिलिमीटरने कमी भरते, आणि हे कळतं चौकटी आल्यावर. प्रत्येक सेक्शनवर मोठ्या अक्षरात लिही : शून्य म्हणजे तयार फरशी, जोत्याचा माथा उणे ७५. आणि रस्त्यापासून जोतं किती वर, ते फुटांत.

तुझ्या एक्सेलबद्दलही सांगून ठेवतो. जर्मन सेटिंगमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. इथून कुणी १.५०० टाइप करून पाठवलं आणि तुझ्याकडे ते दीड हजार म्हणून उघडलं, की अंदाजपत्रक कोसळतं. साध्या मजकुराच्या तक्त्यात रकाने वेगळे करायची खूणही तिकडे स्वल्पविराम नसून अर्धविराम असते, त्यामुळे सगळे आकडे एकाच रकान्यात येऊन पडतात. या कामापुरती सेटिंग भारताची ठेव आणि तक्ते मूळ एक्सेल फाइलमध्येच पाठव. शेजारी ब्रासचा रकानाही हवा. खडी, वाळू, डबर सगळं ब्रासमध्ये येतं : १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर.

आता ऊन. यावल २१ अंशांवर, स्टुटगार्ट जवळजवळ ४९ वर. डिसेंबरात तिकडे भर दुपारी सूर्य १८ अंशांच्या आसपास चढतो, इथे ४५. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर यावलला दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कलतो. मॉडेलमध्ये जागा बदलायची राहिली तर सावलीचा सगळा अभ्यास फुकट. तिकडे दक्षिणेला मोठी काच मागतात कारण ऊन हवं असतं. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घर तापवते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतर ऊन तिरपं आत शिरतं, तिथे आडव्या सज्जाचा उपयोग थोडा, उभे पडदे किंवा जाळी लागते. जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला लाव आणि झोपायच्या खोल्या तिकडून सोडव. दक्षिणेच्या खिडक्यांना दोन फुटांचा सज्जा पुष्कळ. गच्चीवर विटेच्या तुकड्यांचा कोबा, शंभराला एक उतार आणि वरून पांढरी चायना मोझॅक. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीचं छत उन्हाला अडवायचं. काँक्रीटचा पाच इंची स्लॅब तसा अडवत नाही, तो संध्याकाळी उष्णता आत सोडतो आणि रात्री पंख्याखालीही झोप येत नाही. दादांना गच्चीवर पत्रे टाकायचे असतील तर आत्ताच विचार, नंतर कॉलमच्या सळया वर ठेवलेल्या नसतात.

जमीन तुला माहीतच आहे. तापीकाठची खोल काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत मी खड्डे घेतो आणि उभ्या पट्टीवर फूट आखून फोटो पाठवतो, माती तपासणीचा अहवाल येईलच. पाया अंडररीम पाइलवर (तळाशी फुगीर असलेले जमिनीतले खांब) जाईल की खोल फुटिंगवर (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया), ते स्ट्रक्चरवाला ठरवेल. पण तुझ्या नकाशात तीन गोष्टी हव्यात. पाइल असले तर जोत्याच्या बीमखाली आणि मातीत फट, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जाणार नाही. घराभोवती निदान एक मीटरचा पक्का पट्टा, उतार बाहेर. आणि जोत्यात भरायला काळी माती नाही, मुरूमच, थराथराने पाणी मारून ठोकलेला. उत्तरेला केळीची बाग आहे हे विसरू नकोस. तिथलं ठिबक चालू असतं, म्हणून त्या बाजूची माती ओली राहते आणि दक्षिणेची वाळते. एकाच घराखाली माती अशी दोन तऱ्हेने वागली की भिंतींना तिरप्या भेगा जातात, आणि त्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून सुरू होतात. बागेच्या बाजूने गटार खोल घे.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत टाक. मराठी अक्षरं आणि जर्मन टिंबवाली अक्षरं दोन्ही टाळ, झिप उघडताना ती कधी कधी मोडतात. नावात क्रम असा : कामाचा नंबर, विषय, मजला, शीट नंबर, आर आणि दोन आकडी आवृत्ती. तारीख हवी असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. ‘फायनल’ हा शब्द नावात कधीच नको. फोल्डर चार : चालू काम, एकमेकांना दाखवायचं, साइटवर गेलेलं, जुनं. साइटवर गेलेल्या फोल्डरमध्ये फक्त पीडीएफ, आणि तिथली फाइल कुणीही बदलायची नाही. बदल झाला की नवी आवृत्ती येते आणि आधीची जुन्यात जाते.

ड्राइव्हवर जोडलेल्या फोल्डरातली एकच फाइल आपण दोघांनी एका वेळी उघडली तर दोन प्रती होतात आणि कुणाचं काम खरं ते कळत नाही. मूळ नकाशे तुझे, माझं काम पीडीएफवर लाल शेऱ्यांनी. जोडलेल्या फाइलींचे मार्ग सापेक्ष ठेव, आणि मूळ फाइल पाठवायची झाली तर ई-ट्रान्समिटने, म्हणजे फॉन्ट आणि प्लॉटच्या रेघांची फाइल सोबत येते. इथलं सॉफ्टवेअर जुनं आहे, २०१० च्या स्वरूपात सेव्ह कर. रेव्हिट वापरणार असशील तर तशी जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयच नाही, मला फक्त पीडीएफ मिळतील हे धरून चाल. शीटवरच्या मराठी सूचनांना साधी ट्रू टाइप युनिकोड अक्षरं घे. ऑटोकॅडच्या रेघांच्या फॉन्टमध्ये देवनागरी येत नाही. पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाल. आणि ड्राइव्हवर असणं म्हणजे बॅकअप नव्हे : चुकून पुसलेलं तिथूनही पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर. आठवड्यातून एकदा सुट्या हार्ड डिस्कवर उतरव आणि डिस्क काढून ठेव.

प्रिंट यावलच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्रीवर निघेल. शीट ए-वनला मांडलीस तरी चालेल, कारण ए-वनवरचा १:५० ए-थ्रीवर बरोबर १:१०० होतो. पण सरळ ए-थ्रीला मांडलेली शीट दुकानदार ‘फिट टू पेज’ करून काढतो आणि नकाशा तीन-चार टक्के आकसतो. प्रत्येक शीटवर ए-थ्रीच्या प्रिंटमध्ये १०० मिलिमीटर भरेल अशी एक रेघ ठेव. पट्टी लावून ती शंभर भरली तरच कागद साइटवर जाईल. बदल ढगाच्या रेघेने दाखव आणि शेजारी दोन ओळी मराठीत : काय बदललं, का बदललं. जुन्या शीटवर ‘रद्द’ लिहून मी ती परत घेईन आणि फोटो पाठवीन. दादांना मात्र तू व्हॉट्सॲपवर अर्धवट नकाशे पाठवू नकोस. प्रेमापोटी ते लगेच मिस्त्रीला दाखवतील.

बोलण्याची वेळ. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं सरकतात, इथली नाही, म्हणून कॅलेंडरात आपला कॉल भारताच्या वेळेला बांध. रोज संध्याकाळी साडेपाच धरू : मजूर हातपाय धूत असतात, मिस्त्री मोकळा असतो. तुझे हिवाळ्यात दुपारचे एक, उन्हाळ्यात दोन, म्हणजे जेवणाची सुट्टी. दिवसभराचे प्रश्न मी नंबर घालून पाठवीन. तू घरी जाऊन एक तास बस, उत्तर शीटवर उतरव, पीडीएफ टाक आणि थांब. सकाळी इथे प्रिंट निघेल. मध्यरात्री मेसेज आला तरी उत्तर देऊ नकोस, इथे पहाट व्हायच्या आत त्याचं काही होत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे साडेचार-पाचलाच अंधार होतो आणि माणूस स्क्रीनसमोरून उठत नाही. सकाळी उजेडात चालून ये, हे मी काळजीने लिहितोय.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मी ठरावीक फोटो पाठवीन : चार कोपऱ्यांतून लांबचे, घड्याळाच्या दिशेने. मग जवळचे, टेप लावून. सळयांची एक जागा मोजत नाही, पाच जागा एकदम मोजून पाचाने भागतो. स्लॅबखाली २० आणि कॉलमला ४० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळया साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे), बाथरूमचा खाली घेतलेला भाग, विजेचे पाइप, पंख्यांची बॉक्सं. हे फोटो डॉक्युमेंट म्हणून येतील, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि टेपवरचे आकडे पुसट होतात. तुझा होकार लिहून आल्याशिवाय माल पडणार नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, सहा मीटरहून लांब बीमचे २१. हे शीटवरच छाप, कारण सेंटरिंगवाल्याला प्लेटा पुढच्या कामाला हव्या असतात आणि तो घाई करतो.

सुट्ट्याही लिहून घे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मजूर गावी जातात, कानबाईच्या उत्सवाला आणि पोळ्यालाही काम नसतं, बाजाराच्या दिवशी दुपारनंतर कुणी सापडत नाही, आणि पहिल्या पावसाबरोबर निम्मी माणसं पेरणीला. म्हणून जोतं मे अखेर भरून व्हायलाच हवं. पायाचे नकाशे मला फेब्रुवारीच्या शेवटी पाहिजेत, दारं-खिडक्यांचे उशिरा आले तरी चालतील.

तुझ्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाच आणि सुरुवात करण्याआधी मालकाला लेखी कळव, पैसे घेत नसलास तरी. ऑफिसचा संगणक आणि ऑफिसचं लायसन्स या कामाला लावू नकोस, विद्यार्थ्यांची आवृत्तीही नाही. शीटवर ‘आर्किटेक्ट’ म्हणून तुझं नाव आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर घालायचा तर इथली नोंदणी चालू आहे ना बघ. नूतनीकरण राहिलं असेल तर सही माझी जाईल आणि तुझं नाव डिझाइनसाठी. तिकडे ही पदवी तिथल्या राज्याच्या चेंबरच्या यादीत नाव असल्याशिवाय लावता येत नाही, तेव्हा जर्मन पत्त्याखाली ती छापू नकोस.

सध्या मला प्लॉटची तुझ्याकडची जुनी मोजणी आणि दादांशी ठरलेल्या खोल्यांची यादी पाठव. सातबारा आणि झोन दाखला दादांकडून घेतो, आजूबाजूला किती जागा सोडायची ते नियमावलीतून काढून कळवतो. खड्डे पुढच्या गुरुवारी घेणार आहे.

तुझा,
दिलीप