शुक्रवारची लूव्र भेट: निघण्यापूर्वी वाचा

मित्रांनो, येत्या शुक्रवारी लेक्चर संपल्यावर पॅरिसच्या लूव्र म्युझियमला जायचं ठरलंय. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, त्यामुळे घाई नाही. मंगळवारी मात्र बंद. ओर्से म्युझियमची सुट्टी सोमवारी असते. गेल्या वेळी आपण तिघं बंद दारासमोर फोटो काढून परतलो, ते पुन्हा नको.

महत्त्वाचं: १८ ते २५ वयाचे आणि युरोपीय संघात राहणारे असाल तर लूव्र, ओर्से, पाँतेओं (फ्रान्सच्या थोर व्यक्तींचं समाधीस्थळ), व्हर्सायचा राजवाडा, सगळीकडे प्रवेश मोफत आहे. आपलं नागरिकत्व भारतीय असलं तरी चालतं, फक्त इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणून मूळ रेसिडेन्स परमिट किंवा लाँग-स्टे व्हिसा सोबत ठेवा, नुसतं कॉलेजचं ओळखपत्र पुरणार नाही. प्रवेश मोफत असला तरी लूव्रची वेळ ऑनलाइन आरक्षित करून ठेवा. २६ पूर्ण झालेल्यांनी तिकीट काढायचं, इलाज नाही.

मोनालिसापाशी गर्दीत अडकण्यापेक्षा मी तरी आधी तळघरातल्या जुन्या किल्ल्याच्या भिंती बघेन. बाराव्या शतकातल्या आहेत आणि तिथे निवांतपणा असतो.

मेट्रोत पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, मोबाइल दारापाशी हातात धरू नका.

कोण येतंय ते बुधवारपर्यंत इथेच कळवा. भेटायचं ठिकाण: काचेच्या मोठ्या पिरॅमिडसमोर, संध्याकाळी ५:३०.