आमचे तास कोणत्या हिशेबात धरता? सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय, भारत सरकार

सविनय नमस्कार.

स्वयंसेवकांची नोंद ठेवणाऱ्या एका शासकीय उपक्रमाकडे मी पाठवलेला अर्ज गेल्या आठवड्यात परत आला. "नोंदणीकृत संस्थेचा दाखला जोडलेला नाही, सबब सेवेचे तास ग्राह्य धरता येत नाहीत," एवढाच शेरा त्यावर आहे. समाजासाठी दिलेल्या प्रत्येक तासाची नोंद होईल, असे आश्वासन याच उपक्रमाच्या शुभारंभाला व्यासपीठावरून देण्यात आले होते आणि त्यावर विश्वास ठेवूनच मी अर्ज केला होता. तो उपक्रम आपल्या खात्याचा नाही, याची मला कल्पना आहे. तरीही हे पत्र आपल्याला लिहिते आहे, कारण या देशात माणसांचा वेळ कसा मोजायचा आणि तो कोणत्या रकान्यात टाकायचा हे आपले खाते ठरवते, आणि माझ्या अर्जावरच्या शेऱ्याचे मूळ तिथपर्यंत जाते.

निवृत्त झाल्यापासून मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या परीक्षांना लेखनिक म्हणून बसते. ज्यांच्यापाशी रात्री थांबायला घरचे कोणी नसते अशा रुग्णांच्या उशाशी मी बसले आहे आणि निराधार वृद्धांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून, त्यांच्यासोबत रांगेत उभी राहून ते मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कुठे मिळेल, खाट कुठे रिकामी आहे, हे विचारणारे फोन रात्रभर घेतले, आणि त्यातल्या कित्येकांना पहाटे परत फोन केला तेव्हा उचलायला माणूस उरलेला नव्हता. ती झोप मला अजून परत मिळालेली नाही. गुडघे गेले, डोळ्यांचा नंबर वाढला, घरच्यांचे बोलणे सोसले. या सगळ्यात कोणतीही संस्था नव्हती, फलक नव्हता, छायाचित्र काढणारा नव्हता. दाखला मी कोणाचा आणायचा? ज्यांच्यापाशी मी बसले त्यांपैकी अनेकांचा मृत्यूचा दाखला आणायलाही मीच गेले होते.

महोदय, आता आपल्या आकड्यांकडे येते. माणसे दिवसाचे तास कशात घालवतात हे विचारणारे देशातले पहिले राष्ट्रव्यापी वेळ वापर सर्वेक्षण आपल्या खात्याने 2019 मध्ये केले. त्याआधी 1998-99 मध्ये सहा राज्यांपुरता एक प्रायोगिक प्रयत्न झाला होता, म्हणजे मधली वीस वर्षे हा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटलाच नाही. 2019 च्या सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी एका दिवसात अवघे 2.4 टक्के लोक विनावेतन स्वयंसेवेच्या गटातले काही काम करतात आणि जे करतात ते सरासरी 101 मिनिटे देतात. हा आकडा वाचून शंभरातले दोनच भारतीय दुसऱ्यासाठी हात हलवतात, असा समज करून घेणारे लेख आणि भाषणे मी वाचली व ऐकली आहेत. वास्तविक त्या सर्वेक्षणात माणसाला फक्त एका दिवसाबद्दल विचारले जाते: पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खान्यांत. दर रविवारी न चुकता मुलांना शिकवणाऱ्या माणसाकडे आपला प्रगणक बुधवारच्या हिशेबासाठी पोहोचला, तर त्या माणसाची स्वयंसेवा शून्य भरते. घरकाम रोज होते, म्हणून ते एका दिवसाच्या जाळ्यात सापडते. शेजारच्या माणसाला मध्यरात्री दवाखान्यात नेणे रोज होत नसते.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये स्वयंसेवी कामाच्या मोजणीची स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली आणि मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारा, असे तीत सुचवले. 2013 मध्ये श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्याही पक्की केली: मोबदल्याशिवाय, सक्तीशिवाय, स्वतःच्या घराबाहेरच्या आणि नात्याबाहेरच्या लोकांसाठी केलेले काम. माझ्या आईचे आजारपण मी काढले, ते यात बसत नाही, आणि ते मला मान्य आहे. ते माझे कर्तव्य होते. परंतु संस्थेचा शिक्का असला तरच ती स्वयंसेवा, असे त्या व्याख्येत कुठेही नाही. उलट, संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालानुसार जगात दरमहा सुमारे 86 कोटी लोक स्वयंसेवा करत होते आणि त्यांत संस्थेविना, थेट माणसाला माणूस म्हणून मदत करणाऱ्यांचे प्रमाण संस्थांमार्फत काम करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. शासकीय उपक्रमांचे अर्ज या मोठ्या गटाला दारातूनच परत पाठवतात.

आपल्या सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात दुसऱ्या कुटुंबाला केलेल्या मदतीला जागा आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. मग जनतेपुढे आकडा ठेवताना स्वयंसेवा, विनावेतन प्रशिक्षणार्थींचे काम आणि "इतर विनावेतन काम" यांची एकच मोट का बांधली जाते? नोकरीच्या आशेने एखाद्या कचेरीत फुकट राबणारा तरुण आणि रक्तदान शिबिरात राबणारा तरुण एकाच रकान्यात बसवले, तर त्या रकान्यातून दोघांपैकी कोणाबद्दलही काही कळत नाही.

सक्तीशिवाय, हा शब्द तर आपण सर्वांनी मिळून विसरून टाकला आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे, तिने अनेक चांगली माणसे घडवली आहेत आणि वर्षाला 120 तास सेवा ही तिची अट मला वाईट वाटत नाही. तथापि वाढीव गुणांसाठी हजेरीपटावर सही करून झाडाशेजारी उभे राहणाऱ्या मुलाचे तास निमूटपणे ग्राह्य धरले जातात आणि रात्रभर जागणाऱ्या बाईचे तास नामंजूर होतात, हे मला वाईट वाटते. कागद असेल तर सेवा, कागद नसेल तर काहीच नाही.

याहून मोठा अन्याय दुसऱ्या टोकाला आहे आणि तो लिहिल्याशिवाय हे पत्र मी संपवणार नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून आशा सेविकेला शासन मानद स्वयंसेविका म्हणते. सुमारे दहा लाख स्त्रिया गर्भवतींची नोंद करतात, त्यांना प्रसूतीसाठी घेऊन जातात, लसीकरणाला बालके गोळा करतात, क्षयरोग्यांना औषधे पोहोचवतात, वरून येणारे प्रत्येक नवे सर्वेक्षण करतात, आणि त्यांना वेतन नव्हे, कामागणिक प्रोत्साहनपर रक्कम मिळते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तेव्हा अभिनंदनाचे संदेश सर्वांनी दिले. पण सरकार, मालक आणि कामगार संघटना जिथे एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेच्या 2013 च्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने सरकारी योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती, ती कुठे गेली? अंगणवाडी सेविकांना तर ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 2022 मध्ये तो हक्क मिळाला. जे काम नाकारण्याची मुभा नाही, ज्याचे लक्ष्य वरून ठरते, ज्याचा अहवाल वेळेत दिला नाही तर रक्कम अडते, ते काम कोणत्या व्याख्येने स्वेच्छेचे ठरते?

म्हणजे जिथे पैसे द्यावे लागतील तिथे शासनाला स्वयंसेवा दिसते, आणि जिथे फक्त दखल घ्यायची आहे तिथे तिला दाखला लागतो. हे मी रागाने लिहिते आहे, आणि तो राग लपवावा असे मला वाटत नाही. रुग्णालयात पुरेशा परिचारिका असत्या, निवृत्तिवेतनाचा अर्ज वृद्धाला स्वतः भरता येईल इतका सोपा असता, तर माझ्या निम्म्या तासांची गरजच पडली नसती. राज्ययंत्रणेने सोडलेली कामे लोक करतात, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया असतात, आणि त्याही घरकाम आटोपून. 2024 च्या आपल्याच वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला 289 मिनिटे त्यात जातात आणि पुरुषाची 88. उरलेल्या वेळातून ती शेजाऱ्यासाठी जो तास काढते, त्याची किंमत काय, हे आपण एकदा तरी मोजून पाहा.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. सोहळे होतील, त्यांवर माझा आक्षेप नाही. माझी मागणी अशी आहे की मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारणारे, संस्थेमार्फत आणि संस्थेविना केलेली सेवा वेगवेगळी दाखवणारे स्वतंत्र सर्वेक्षण आपल्या खात्याने हाती घ्यावे. प्रशिक्षणार्थींचे फुकट श्रम स्वयंसेवेच्या आकड्यातून बाहेर काढावेत. आणि शासनाच्या आदेशाने, शासनाच्या लक्ष्यासाठी काम करणाऱ्या कोणत्याही स्त्रीला यापुढे शासकीय कागदावर स्वयंसेविका म्हटले जाऊ नये, अशी शिफारस आपण मंत्रिमंडळापुढे ठेवावी. यांपैकी काय करणार आणि काय करणार नाही, ते मला लेखी कळवावे. नुसती पोच पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त लिपिक