पहिल्या महिन्यातच गळतात रे

प्रिय पक्या,

तू विचारलेलंस ना, बायकोला मारहाण केली म्हणून कोर्टाने पाठवलेले लोक आमच्या सुधारणेच्या क्लासला येतात तरी का, तर परवा त्याचं उत्तर पार्किंगमध्येच मिळालं. असाच आलेला एक जण, दुसराच आठवडा, वीस मिनिटं गाडीत नुसता बसून, शेवटी मी जाऊन काच वाजवली तर म्हणे आज फीचे पैसे नाहीयेत. अरे इथे कॅलिफोर्नियात ऐपतीप्रमाणे फी कमी करायची सोय कायद्यातच आहे, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

हा क्लास म्हणजे ५२ आठवडे, दर वेळी दोन तास, सबळ कारण असलं तरी फक्त ३ रजा, आणि सगळं १८ महिन्यांत संपवायचं. शिफ्ट करणाऱ्याला अवघडच आहे, पण मला आधी त्याची बायको आठवते, 'क्लासला जातोय ना' ह्या भरवशावर ती त्याला परत घरात घेते, आणि हा मधेच गळाला की तिला पत्ताही नसतो.

पूर्वी मला वाटायचं क्लास सोडला तर जेल, ही भीती पुरेशी आहे. नाही रे, लांबची भीती कोणी मनावर घेत नाही. पिट्सबर्गमध्ये ९०च्या दशकात महिन्याभरात परत जजसमोर हजर व्हायची सक्ती केली, तर क्लासला फिरकतच नव्हते त्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६ वर आलं. दुसरं म्हणजे कोणीतरी वाट बघतंय हे कळायला हवं. एक दांडी झाली की आम्ही फोन करतो, हाताने चिठ्ठी लिहितो, 'तुमची खुर्ची रिकामी होती, मंगळवारी या'. एक जण ती चिठ्ठी पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवतो, मी स्वतः बघितलीय.

गोड बोलतो म्हणजे सूट देतो असं नाही हं. 'तिनेच डोकं फिरवलं' म्हणाला की तिथेच थांबवून विचारायचं, हात कोणाचा होता?

तू कोर्टात असतोस म्हणून विचारतो, आपल्या भारतातल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम १४ खाली मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला पाठवू शकतात, एकेकट्याला किंवा दोघांना एकत्र. एकत्र बसवलं तर त्याच्यासमोर ती काय बोलणार रे? आणि तो गेला की नाही हे तुमच्याकडे कोण बघतं? नक्की कळव.

तो पार्किंगवाला आला शेवटी आत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला, जॅकेट काढलं नाही. मंगळवारी नाही आला तर बुधवारी सकाळी पहिला फोन त्यालाच.

तुझाच,
अव्या