सायटेशन किती ते कळलं, शोध काय लावला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका हवामानशास्त्रज्ञावर अर्धं पान मजकूर होता. शोधनिबंध किती, सायटेशन किती हजार, एच-इंडेक्स किती, शिवाय जगातल्या आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत नाव. फोटोही झकास. फक्त या गृहस्थांनी पावसाबद्दल किंवा समुद्राबद्दल नेमकं काय शोधलं, ते दोनदा वाचूनही मला सापडलं नाही.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली. तेव्हा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जाडजूड खंड यायचे. कागद पापडासारखा, टाइप मुंगीएवढा. बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की भलीभली शास्त्रज्ञ मंडळी भिंग मागायला माझ्या टेबलाशी उभी राहायची. त्यामुळे या आकड्यांची थोडी ओळख आहे. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा हवाला देणं. तो मान्य करायला दिलेला असेल, नाहीतर खोडून काढायला. मोजणीत दोन्ही सारखेच. एच-इंडेक्स ४० म्हणजे किमान ४०-४० हवाले मिळालेले ४० निबंध. कुणी जन्मात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला हजार हवाले मिळाले, तरी त्याचा एच-इंडेक्स पाचावर अडकणार. गुगल स्कॉलर आणि स्कोपस या हवाले मोजणाऱ्या दोन ठिकाणांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा छापलेला आकडा कुठला ते लिहायला हवं होतं. ‘२ टक्के’वाल्या यादीचंही तेच. तिच्यात संपूर्ण कारकिर्दीचा तक्ता वेगळा, एकाच वर्षाचा वेगळा. स्वतःच स्वतःचे दिलेले हवाले वगळून काय उरतं, तेही त्यात दिलेलं असतं. आपल्या बातमीत यातलं काहीच नव्हतं.

शिवाजीनगरचा सिमला ऑफिसचा स्टॉप पुणेकरांना पाठ असतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही खूण. त्याच खात्याचे १९०४ ते १९२४ या काळातले प्रमुख गिल्बर्ट वॉकर. पॅसिफिकच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हा झोका त्यांनी आकडेमोड करून दाखवला. असं का होतं, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. आमच्याकडे त्यांच्या निबंधांचे खंड होते. आतल्या इश्यू स्लिपा जवळजवळ कोऱ्या. वॉकर १९५८ मध्ये गेले. पुढे १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी दाबाच्या या झोक्याचा एल निनोशी, म्हणजे पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याशी, सांधा जुळवला आणि पॅसिफिकवरच्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचं नाव दिलं. आज दर जूनमध्ये आपण पहिल्या पानावर एल निनो छापता, त्याच्या मुळाशी हे काम आहे. वॉकर हयात असताना कुणी त्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर तो काय भरला असता कोण जाणे!

पण मला खरं लिहायचंय ते मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांच्याविषयी. जन्म पुण्याचा, काम बहुतेक बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासोबतचा त्यांचा १९८० चा निबंध जगभर उद्धृत होतो. तो आहे कशावर? तर १९७३ ते १९७७ या वर्षांत, एप्रिल ते ऑक्टोबरची उपग्रहाने टिपलेली रोजची ढगांची चित्रं. दोघांनी ती एकेक दिवस करत पाहिली. विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागरावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतो. जमिनीवरचा विरत चाललेला पट्टा त्यामुळे पुन्हा भरतो. श्रावणात पाऊस ओढ देतो आणि मग अचानक झड लागते, त्यामागे ही हालचाल असते. मान्सून म्हणजे उष्ण कटिबंधातल्या याच पट्ट्याचा मुक्काम ऋतूप्रमाणे हलणं, ही मांडणी त्यातून उभी राहिली.

जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारे पाऊस घेऊन येतात, असं आपण शाळेत शिकलो. गाडगीळबाईंचा त्यावरचा प्रश्न कुणालाही कळेल असा होता: जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, मग पाऊस जुलैत जास्त का? आणि दुष्काळी वर्षी जमीन अधिक तापलेली असते, तेव्हा पाऊस कमी कसा? कर्नाटकात पावगडच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांनी पेरणीच्या वेळेचाही अभ्यास केला. शेतकऱ्याने पेरणी आठवडाभर पुढे ढकलली, तर त्याची नोंद कुठल्या इंडेक्समध्ये होते?

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी एवढंच विचारावं: ‘साहेब, तुमच्या कामामुळे आधीची कुठली समजूत बदलली?’ उत्तराला चार ओळी दिल्यात तरी चालेल. एच-इंडेक्स चौकटीत टाका.

माझी नात यंदा आठवीत आहे. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात अजून तापलेली जमीन आणि थंड समुद्र एवढंच आहे. मी तिला ढगांच्या पट्ट्याचं सगळं समजावून सांगितलं, वहीत चित्रही काढून दिलं. परीक्षेत तिने पुस्तकातलंच उत्तर लिहिलं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल, कोथरूड, पुणे