पणजीचा शोध: रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय एकच, आपापली पणजी. लग्नानंतर नाव बदललं की कागदोपत्री बाई हरवते, म्हणून आधी तिचं माहेरचं नाव शोधायचं. विवाहाची आणि मुलांच्या जन्माची नोंद बघा. मृत्यूच्या दाखल्यावरचं वय दुसऱ्याने सांगितलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

- कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ प्रती नकोत.
- जुन्या फोटोंमागे पेनाने लिहू नका. माझ्या पणजीच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं एक पुसट नाव होतं, त्यावरूनच तिचं माहेर सापडलं.

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी त्याआधी बोलून घ्याच. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.